आईची उंची, सेंटिमीटरमध्ये

४ सप्टेंबर

ती पुन्हा आली होती! तीच, करड्या जॅकेटवाली, हातात थर्मास. मॅच बघायला आलेले सगळे मैदानाच्या मध्यरेषेपाशी उभे राहतात, म्हणजे दोन्हीकडचं दिसतं. ही मात्र माझ्या गोलच्या मागे, जाळीपासून चार पावलांवर. पूर्ण मॅचभर! चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता तेव्हाही माझ्याकडेच बघत होती. पाठीला कळतं ते.

मी दोन गोल खाल्ले. दुसरा तर चक्क पायांमधून गेला. मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाळीतून चेंडू काढायला वळले तर बाई वहीत काहीतरी लिहीत होती. एवढं काय लिहायचं त्यात? ‘पायांमधून गेला’ — संपलं. तिने पान भरलं!

नाव माहीत नाही. मी थर्मासबाई म्हणते.

५ सप्टेंबर

सरांनी (आमच्या शाळेचे कोच) सांगितलं : ती मोठ्या क्लबची स्काउट आहे. मला स्काउट म्हटलं की खाकी कपडे आणि तंबू आठवतात. तर हे वेगळे. हे गावोगाव फिरून खेळाडू हेरतात. “आणि यंदा ती गोलकीपर शोधतेय,” सर म्हणाले. “पण हवेत जाऊ नकोस.”

कसली हवेत जातेय? माझे दोन्ही गोल तिच्या वहीत आहेत!

८ सप्टेंबर

आज सरांचं डोकं खाल्लं. क्लबवाले मुली निवडतात कशा? सर आधी वैतागले, मग खुलले. म्हणाले, सगळ्यांना वाटतं ते गोल मोजतात. नाही. चेंडू जवळ नसताना तू काय करतेस, हे बघतात. बचाव करणाऱ्या पोरींना ओरडून सांगतेस का, चूक झाली की दुसऱ्यावर ढकलतेस का. एकदा बघून कुणी घेत नाही, चार-पाच वेळा येतात. पावसापाण्यात बघतात, हरताना बघतात. आणि जी आज चांगली आहे तिच्यापेक्षा जी अजून चार वर्षांनी चांगली असेल, ती त्यांना हवी असते.

“ते आज कसं कळणार?”

“तेच तर त्यांचं काम.”

आता मला खेळण्यापेक्षा हेच जास्त जाणून घ्यावंसं वाटतंय. एखादी न झालेली गोष्ट कशी बघतात?

१२ सप्टेंबर

ती बोलली! मॅच संपल्यावर थेट माझ्याकडे आली. पहिला प्रश्न : “बुटाचा नंबर किती?”

मी सांगितला. माझी पावलं म्हणजे होड्या आहेत, दुकानदार दर वेळी हसतो. ही हसली नाही. लिहून घेतला.

दुसरा : “गोल खाल्ल्यावर तू पहिल्यांदा कुठे बघतेस?”

थाप मारणार होते. तोंडातून खरंच निघालं — “बुटांकडे.”

“माहितेय मला. पहिल्या मॅचला सहा सेकंद बघत होतीस. आज दोन.” म्हणजे त्या भरलेल्या पानात हे होतं! ती माझा वेळ लावत होती!

पुढच्या शनिवारी क्लबच्या मैदानावर चाचणी. जागा एकच.

१३ सप्टेंबर

आईला सांगितलं तेव्हा ती कुणाचंतरी जाकीट उसवत होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या काढून मग हसली. आमच्या आईचं सगळं असंच, आधी काम हातावेगळं, मग भावना. शिवणकाम करते, आणि मापाच्या बाबतीत महाकडक. गिऱ्हाईक म्हणालं “अहो, कंबर थोडी कमीच लिहा,” तर सरळ सांगते, “मी लिहीन हो, पण तुम्ही त्यात मावणार कशा?”

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. ते म्हणाले, “माझी पोरगी वर जाणार, मला तर धंद्यातच ठाऊक होतं.” स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसले.

मग सगळ्यांची वरात कपाटाशी. आमच्या लाकडी कपाटाच्या एका बाजूवर माझ्या आणि टिल्लूच्या (धाकटा भाऊ, नऊ वर्षं, बारा महिने तेरा काळ मधे मधे) उंचीच्या रेषा आहेत. माझी आजची १६३. टिल्लू दोन बोटं वाढलाय, तरी वर्गात पहिल्या बाकावरच.

सगळ्यात वर एक रेष आहे. तारीख नाही, नाव नाही. लहानपणी मी विचारलं होतं, तर बाबा म्हणाले, “ते तुझं टार्गेट!” तेव्हा उडी मारून हात लावायचे. आज टाचा उचलल्या तरी डोकं जरा खालीच राहिलं. ती फिकट झाली की कुणीतरी गिरवतं. टिल्लू असणार. भिंत, दार, कपाट, पेन्सिल हातात आली की याचा हात थांबत नाही. गेल्या वर्षी पॉलिशवाला आला तेव्हा आईने त्याला ही बाजू सोडायलाच लावली. तो कुरकुरत होता, “ताई, एका बाजूने जुनं दिसेल.” दिसू दे म्हणाली.

१९ सप्टेंबर

चाचणी झाली. अंग ठणकतंय.

आम्ही दोघीच गोलकीपर. दुसरी जिराफ, म्हणजे मी मनात ठेवलेलं नाव. केवढी उंच! कोपऱ्यातून आलेला चेंडू फुलं तोडावीत तसा काढते. वर स्वभावानेही चांगली निघाली, हे फारच झालं. माझा हातमोजा फाटला तर आपला जादाचा दिला. शत्रूने असं वागू नये.

मग क्लबच्या डॉक्टरांकडे. डाव्या मनगटाचा एक्स-रे! मी म्हटलं, मनगट दुखत नाहीये. डॉक्टर म्हणाले, हाडांच्या टोकांशी किती फट उरलीये त्यावरून अजून किती वाढ शिल्लक आहे ते कळतं. मी फोटो बघायला मागितला. आपलं मनगट आतून बघणं — भारी वाटलं! तिथे बारीकशी काळी फट. तेवढीच माझी शिल्लक.

आणि एक सूत्र. मुलगी असेल तर वडिलांच्या उंचीतून तेरा वजा, त्यात आईची मिळवायची, दोनने भागायचं. साधारण तेवढी ती होणार. गोलकीपर किमान १६५ व्हायला हवी, असा क्लबचा नियम आहे. एक्स-रे आणि सूत्र दोन्ही जुळलं तरच घेतात.

फॉर्म आईने तिथेच भरून दिला. नंतर फाटकाशी ती आणि थर्मासबाई बराच वेळ बोलत होत्या. बाईने आईच्या खांद्यावर हात ठेवला. मी विचारलं काय बोलत होता, तर म्हणे, “काही नाही गं, जाकिटाचं अस्तर.”

२० सप्टेंबर

गणित केलं. बाबा १७०. आई १५२.

१७० वजा १३, १५७. अधिक १५२, ३०९. भागिले दोन — एकशे साडेचोपन्न.

संपलं. जिराफला घेणार.

२१ सप्टेंबर

थांब! मी आत्ताच १६३ आहे! म्हणजे सूत्राने सांगितलेल्या माझ्यापेक्षा मी साडेआठ सेंटिमीटर जास्त आहे. मी माझ्यातच मावत नाही!

सरांना विचारलं. म्हणाले, सूत्र म्हणजे अंदाज. चुकतं कधी कधी. एवढं?

२६ सप्टेंबर

निवड झाली!! माझी!!!

सर मैदानातूनच ओरडत आले. बाबा कामावरून फोनवर “हॅलो हॅलो” करत राहिले, मला वाटलं लाइन गेली, तर ते रडत होते. टिल्लूने मला क्लबचा पत्ता विचारून ठेवला, मी तिकडे राहायला गेले की माझा पलंग त्याला मिळणार म्हणून.

आई मशीनवर बसली आणि एकाच शिवणीवर तीनदा गेली.

२९ सप्टेंबर

क्लबचं पाकीट आलं. करार, नियम, आणि आईने भरलेल्या फॉर्मची टाइप केलेली प्रत. ‘माहिती तपासून पालकांनी सही करावी.’

वडिलांची उंची : १७०.

आईची उंची : १७६.

टायपिस्टने घोळ घातलाय. एकशे शहात्तर! माझी आई स्टुलावर चढून वरचा डबा काढते.

३० सप्टेंबर

घोळ टायपिस्टचा नाही.

आई कुठलाही आकडा आधी मापाच्या वहीत लिहिते, मग बाहेर. सवयच, चाचणीलाही वही पिशवीत होती. ती दुकानात गेली तेव्हा वही उघडली. एकोणीस तारीख. तिच्या टपोऱ्या अक्षरात — ‘उंची : बाबा १७०, आई १७६.’ खाडाखोड नाही.

पुन्हा सूत्र मांडलं. एकशे साडेसहासष्ट. पास!

म्हणजे आई खोटं बोलली. माझ्यासाठी. जी गिऱ्हाइकाची कंबर अर्ध्या बोटाने कमी लिहीत नाही, तिने स्वतःला चोवीस सेंटिमीटर वाढवलं. आणि जिराफची जागा मला मिळाली. जिचा हातमोजा अजून माझ्या बॅगेत आहे.

१ ऑक्टोबर

जेवणात सहज काढलं, “बाबा, आपल्या घराण्यात उंच कोण होतं?”

बाबांचा घास हातातच. आईने त्यांच्याकडे बघितलं. मग बाबा म्हणाले, “लिफ्टवाल्याच्या घरात उंचीला काय तोटा?” टिल्लू हसला. बाकी कुणी नाही.

त्यांनाही माहीत आहे! दोघंही सामील!

२ ऑक्टोबर

रविवारी दोन्ही पालकांना घेऊन क्लबमध्ये जायचंय, डॉक्टर भेटणार आहेत. त्यांच्यासमोर आई उभी राहिली की संपलंच की सगळं. आईची बेअब्रू होईल या विचारानेच कसंतरी होतंय. माझी जागा गेली तर जाऊ दे — नाही, खरं सांगते, जाऊ दे असं वाटत नाही. मला जायचंय तिथे. खूप जायचंय. पण खोट्या आकड्यावर गोलमध्ये उभी राहिले तर प्रत्येक चेंडूला वाटेल, हा जिराफने अडवला असता.

३ ऑक्टोबर

आज बोलले. आईच्या मशीनशेजारी फॉर्म ठेवला, पेन ठेवलं. म्हटलं, “आई, हा आकडा खोड. तू लिही १५२. मी क्लबला सांगते चूक झाली म्हणून. मला राग नाही आलेला.”

मशीन थांबलं. मला वाटलं ओरडेल, किंवा रडेल. तिने फॉर्म उचलून आकडा वाचला. मग म्हणाली, “मी कधी माप खोटं लिहिलंय?”

“मग हे काय आहे?”

“उद्या निघायच्या आधी सांगते. बाबांना घरी असू दे.” आणि मी पेन उचलायला गेले तर माझा हात धरला. “खोडू नकोस, बाळा. एवढं ऐक माझं.”

तिचा हात गार होता. आई कधी घाबरत नाही. म्हणून मीच घाबरलेय.

४ ऑक्टोबर

बाबांनी तीनदा सुरुवात केली, त्यांना जमेना. मग आईने गळ्यातला टेप काढला, एक टोक कपाटापाशी माझ्या पायाखाली दाबायला लावलं, स्टुलावर चढली आणि दुसरं टोक त्या वरच्या रेषेला नेलं. एकशे शहात्तर.

“हे तुझ्या आईचं माप. तू अकरा महिन्यांची होतीस, तेव्हा ती गेली. मी आले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस, आणि ही रेष इथे होती.”

थर्मासबाईला तिने चाचणीच्या दिवशीच फाटकाशी सगळं सांगितलं होतं. जाकिटाचं अस्तर!

खूप रडले. तिला घट्ट धरलं, तर तिचं डोकं माझ्या नाकाशी आलं. रेष फिकट झाली की कोण गिरवतं, विचारलं. म्हणाली, “मीच. पुसून कशी जाऊ देऊ?”

शंभर प्रश्न आहेत. ती कशी हसायची, तिच्याही पायाच्या होड्या होत्या का. आई म्हणाली, जेवढं बाबांकडून ऐकलंय तेवढं सगळं सांगीन.

फॉर्ममध्ये काही खोडलं नाही. आईची उंची : १७६. त्याखाली आईची सही.