कुंड्यांमागच्या वड्या

३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तू सुचवलेल्या उंदीर मारायच्या वड्या आणून कुंड्यांमागे ठेवल्या आणि आठवड्यात निम्मे उंदीर गायब! टोमॅटोचं एक रोप जागेवर ठेवत नव्हते मेले.

मोठी बातमी वेगळीच. अंगणातल्या झाडाच्या ढोलीतून पिंगळ्यांची दोन पिल्लं डोकावायला लागलीत. मुठीएवढी घुबडं, पण तोरा बघशील तर! शेजारच्या वहिनी रोज संध्याकाळी दुर्बीण आणि खुर्ची घेऊन हजर, मागोमाग बाकीची तीन घरं. परवा मादीनं उंदीर आणून भरवला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुट्टीत भाचीबाईंना घेऊन ये. नुसतं येतो येतो म्हणून टोलवू नकोस.

वाट बघणारी,
ताई

११ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. चौघंही गेली रे. आधी पिल्लं झाडाखाली सापडली, दुसऱ्या दिवशी नर-मादी. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, विष खाल्लेले उंदीर यांच्या पोटात गेले. म्हणजे माझ्याच वड्यांनी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी रडत म्हणाल्या, की हे माळीबुवांचंच काम, सगळ्यांच्या बागेत औषधं तेच मारतात. माळीबुवा मान खाली घालून उभे होते. पाचही घरांनी त्यांना काढून टाकलं. त्या पाचांत मीही आले. गप्प बसले. काय करू ते लगेच कळव.

तुझी,
ताई

१६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. वड्या मी सुचवल्या, तेव्हा निम्मं पाप माझं. पण आता बोलू नकोस, हात जोडतो. भावोजी गेल्यापासून ती संध्याकाळची माणसंच तुझी सोबत. ती तुटली तर त्या घरात दिवस कसे काढशील? माळीबुवा कसबी आहेत, त्यांना कुठंही काम मिळेल.

तुला खोटं पचत नाही हे मला ठाऊक आहे. लहानपणी काच मी फोडायचो आणि कोणी विचारायच्या आत तू सांगून मोकळी! एवढ्या वेळी माझं ऐक. लेकीला मी सांगितलंय, पिल्लं उडून गेली.

काळजीत असलेला,
तुझा धाकटा

२० मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. नाही ऐकलं तुझं. रागावू नकोस, आणि भाचीलाही खरं काय ते सांग. परवा सगळ्यांना बोलावून कबूल केलं. वहिनींनी आपली खुर्ची उचलली आणि गेल्या, मागून बाकीचे. काल संध्याकाळी अंगणात कुणी फिरकलं नाही.

आज सकाळी माळीबुवांच्या घरी गेले. खुरप्याला धार लावत होते. मी अडखळत सुरुवात केली, तर म्हणाले की त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. कुंड्या हलवताना वड्या त्यांनी पाहिल्या होत्या. मग त्या दिवशी बोलला का नाहीत, मी विचारलं. म्हणाले, ताई आता सांगतील, आता सांगतील, असं वाटत होतं, म्हणून गप्प उभा राहिलो.

मी खूप रडले. कामावर या म्हणून विनवलं. वहिनी त्यांना आधीच बोलावून गेल्या होत्या. बाकीच्या चार घरी ते उद्यापासून जाणार आहेत. आपल्याकडे येणार नाहीत.

तुझी माया तेवढी राहू दे,
ताई