सेनापतीने कोणत्या बोलीत बोलावं?

अहो,

आठवतं? रविवारी सकाळी आपण सुरती पापडीच्या शेंगा सोलत बसायचो. मी पिक्चरमधली इंग्रजी वाक्यं मराठीत सांगायचे आणि तुम्ही कोणत्या पात्राला कोणती बोली द्यायची ते ठरवायचात. आज एकटीच पापडी घेऊन बसले, पण ती बाजूला ठेवून लिहिते आहे. येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध. त्या संध्याकाळी वस्तीत तोच पिक्चर दाखवायचं कबूल करून बसले आहे. मला भीती वाटते हो!

तोच, लढाईची टर उडवणारा, काळा-पांढरा. छातीभर पदकं लावलेला सेनापती आणि ज्यांचा मोहल्ला त्याला पेटवायचाय ते बेकरीवाले. पिक्चरचा आवाज बंद करून तुम्ही माइक घ्यायचात. मी मागे अंधारात बसून वाक्यं सांगायची, बोलायचं तुम्ही.

त्या पिक्चरमध्ये आपल्यासारखा होता तरी कोण? ट्रे घेऊन फिरणारा एक काळा नोकर. पिक्चर बनवणाऱ्यांनी त्याला एक शब्दही दिला नव्हता. माझे काका त्याच लढाईत इंग्रजांकडून लढताना गेले, पण पडद्यावर आपला एकही शिपाई नाही. कॉन्व्हेंटमध्ये हा पिक्चर पाहिला तेव्हा मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं! तुम्ही मात्र त्या नोकराला बोलतं केलंत. "साहेब, चहा गार होतोय, लढाई नंतर करा!" तुमच्या कारखान्यातली पोरं शिट्ट्या मारायची.

बेकरीवालीला तुम्ही मागच्या गल्लीतल्या हमीदाची बोली दिलीत. जरीकाम करणारी आपली हमीदा किती हसली होती! "भाभी, ये तो मैं हूँ! पर भाईसाब मेरे से पूछते, तो इससे अच्छी गाली बताती!"

आणि सेनापतीला आपली अहिराणी. "कोन हसना रे? मी सांगस तेच खरं!" मी तेव्हा चिडले होते. आपल्याच माणसांची बदनामी कशाला? तुम्ही म्हणालात, "आपल्यातल्या माजोरड्याला आपणच हसावं. दुसऱ्याच्या बोलीत घातला, की ती चहाडी होते."

तुम्ही गेलात आणि त्याच हिवाळ्यात दंगलीत शहर पेटलं. एका परीने सुटलात! हमीदाचं दार आता दिवसासुद्धा बंद असतं. मी हाक मारली तर आधी खिडकीची फट उघडते, मग दार.

काल वस्तीतले भास्करभाऊ आले होते. सेनापतीला सगळ्यात जास्त हसणारे तुमचे भास्करभाऊ! चहा घेतला, तुमच्या फोटोला नमस्कार केला.

"वहिनी, पिक्चर दाखवा. कोण नाही म्हणतंय? फक्त सेनापतीला हमीदाच्या लोकांची बोली द्या."

"आणि बेकरीवाले?"

"ते आपले."

"भाऊ, शहरात मोहल्ले कोणाचे जळले ते सगळ्यांनी पाहिलंय ना?"

"तुम्ही कॉन्व्हेंटात शिकलेल्या, तुम्हाला जास्त कळतं." ते उठले. जाताना आपल्या खिडकीकडे बघून म्हणाले, "काचा मोठ्या आहेत वहिनी. जपून."

तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं तरी उठून कडी तपासते. सांगा ना, तुम्ही असता तर काय केलं असतं? हसला असता, नाही? तुमचं सोपं होतं हो. तुम्हाला माइक धरायची सवय होती. आणि एक सांगू? रागावू नका. सगळ्यांचे आवाज तुम्ही एकट्यानेच काढलेत. माझंसुद्धा कधी तोंड उघडू दिलं नाहीत!

पण सेनापती आपल्याच बोलीत बोलेल. त्याचा आवाज मीच काढेन. आवाज चिरकला तरी चालेल, भास्करभाऊ पहिल्या रांगेत बसले तरी चालेल. हा माझा शब्द.

मला काही झालंच, तर काय कुणाला द्यायचं ते सुमनला, आपल्या लेकीला, सांगून ठेवलं आहे. प्रोजेक्टर तिने स्वतःकडे ठेवावा, वस्तीबाहेर देऊ नये. तुमचा लोकरी कोट रात्रपाळीच्या वॉचमनला. माझी इंग्रजी डिक्शनरी तिच्या धाकटीला. बेकरीवालीची वाक्यं आणि तेवढ्यापुरता माइक मात्र या रविवारीच हमीदाला. तिला वाटलं तर ती बोलेल, नाही तर पडद्यावरची बाई तेवढा वेळ नुसते ओठ हलवेल. आपण मध्ये बोलायचं नाही.

तुमची,
मालती