गुडघा सरळ करण्याबाबत

ती. ताईस,

वाकून नमस्कार. (‘वाकून’ हा शब्द जरा जपून वाच. सगळं पत्र त्याबद्दलच आहे.) तुझी तब्येत बरी असेल. पोटऱ्यांत गोळे येणं थांबलं का? भावजींचा खोकला? लेकीचं लग्न तोंडावर आलंय म्हणजे तू स्वतः बसत नसशील आणि दुसऱ्या कुणाला बसू देत नसशील, हे मला इथून दिसतंय. आम्ही सगळे मजेत आहोत. माझा उजवा खांदाही मजेत आहे, आणि ही मात्र बातमी आहे.

तुझा निरोप मिळाला. लग्नात घरच्यांचा मोठा फोटो निघेल तेव्हा ‘शिडी, तू आपली नेहमीसारखी उभी राहा.’ नेहमीसारखी म्हणजे कशी ते आपल्या दोघींनाच ठाऊक: उजवा गुडघा दुमडून, खांदे पाडून, मान तुझ्याकडे कलती करून, म्हणजे आपली डोकी एका रेषेत येतात. अडचण अशी आहे की ते मला आता जमेल की नाही सांगता येत नाही. का, ते सविस्तर लिहिते. चहा घेऊन बस.

चष्म्याच्या दुकानातलं माझं काम तू पाहिलंयस. दिवसभर काउंटरवरून ओणवं होऊन लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवायच्या. (नाकं किती तऱ्हेची असतात यावर मी वेगळं पत्र लिहीन.) त्यात खांदा असा धरला की वरच्या फळीवरची फ्रेम काढता येईना, वेणी घालता येईना. आधी घरगुती उपाय केले. नवरा फुटबॉल बघता बघता खांदा दाबून द्यायचा, पण गोल होईल असं वाटलं की त्याचा अंगठा थेट हाडापर्यंत पोचायचा. शेवटी दुकानाच्या मालकीणबाईंनी मला एका बाईकडे पाठवलं. तिच्या पाटीवर शरीर, संतुलन वगैरे बरंच लिहिलंय. मी तिला हातवाली बाई म्हणते. मला वाटलं मालिश असणार, म्हणून मी तेलाची बाटली आणि जुना टॉवेल घेऊन गेले. तिने बाटली खिडकीत ठेवली आणि म्हणाली, जाताना आठवणीने न्या.

तेल नाहीच. नुसते हात, आणि तेही इतके सावकाश की आधी वाटलं बाई विचारात पडलीय. तिचं म्हणणं असं, की अंगातल्या सगळ्या स्नायूंवर एक पातळ अस्तर असतं, डोक्यापासून तळव्यापर्यंत सलग. रजई खोळीत एका कोपऱ्यात गोळा झाली की आपण भलत्याच टोकाला धरून झटकतो ना, तसं तिचं काम. हे सांगून ती माझ्या उजव्या घोट्याशी जाऊन बसली.

मी जरा वाट पाहिली. मग म्हटलं, “बाई, खांदा वर आहे.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “मी रोज येते इथे.”

मग तिने माझा हात उचलायला घेतला. आता आपल्या घरची शिकवण तुला ठाऊक आहे: दुसरा काही उचलताना दिसला की आपण दुसऱ्या टोकाला हात लावायचाच. मी माझा हात स्वतःच उचलून तिच्या हातात दिला. ती म्हणाली, सोडा. मी म्हटलं, सोडलाय. तिने आपले हात काढून घेतले, तर माझा हात हवेत तसाच, कपडे वाळत घालायच्या दांडीसारखा.

“हा कुणी धरलाय मग?”

“मी तुम्हाला मदत करतेय.”

“तेच तर काढायचंय,” ती म्हणाली.

पुढचे कितीतरी आठवडे माझी ही मदत काढण्यात गेले. एकदा तिने मला भिंतीशी उभं केलं, भोवती फिरली आणि म्हणाली, उजव्या गुडघ्यात तुम्ही कायम थोड्या बसलेल्या आहात. मी म्हटलं, नाकांमुळे. “नाकं समोर असतात हो. हे शेजारी कुणीतरी आहे. बुटकं कोण आहे घरात?” (राग मानू नकोस. तिने तुला पाहिलं नव्हतं.)

आणि मला तो पाहुणा आठवला, ज्याने विचारलं होतं, यांतली थोरली कुठली, आणि मग माझ्याकडेच बोट दाखवलं होतं. मी नुकती उंचीत तुझ्यापुढे गेले होते. तू हसलीस, पाणी आणायला म्हणून आत गेलीस आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाहीस. तू मला कधी काही म्हणाली नाहीस, ताई. गुडघा माझा मीच वाकवला. तू थोरली दिसावीस म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला धाकटी राहायचं होतं म्हणून.

आता तो गुडघा सुटलाय. परवा दुकानात आत जाताना डोळ्यांचं चित्र काढलेली लोंबती पाटी कपाळावर आपटली. मालकीणबाई म्हणाल्या, पाटी तिथेच आहे, तुम्हीच नवीन आहात. वेणी माझी मी घालते. नवरा म्हणतो, घरात कुणी वडीलधारं राहायला आल्यासारखं वाटतं, उगाच नीट बसावंसं वाटतं. मी सुखात आहे, ताई. तरी तुझा निरोप आला आणि उभ्या उभ्याच गुडघा हळूच खाली गेला. तेव्हा तू म्हणशील तशी उभी राहीन. वाटल्यास मागच्या रांगेत राहीन.

तुझी,
शिडी

ता. क. मागच्या रांगेचं लिहिलं ते खोटं. मला तुझ्या शेजारी उभं राहायचंय. सरळ. आणि तरी धाकटी.

आणखी एक. आधी मी कशी उभी राहायचे ते दाखवायला मी बाईला आपला जुना फोटो नेऊन दाखवला, गच्चीवरचा, पायांपर्यंत सगळं दिसणारा. तिने फोटोतल्या माझ्याकडे बघितलंच नाही. तुझ्या चपलांवर बोट ठेवून विचारलं, “या बाईंच्या टाचा वर का? यांच्या पोटऱ्यांत गोळे येत असतील.” मी घरी येऊन सगळे फोटो काढून पाहिले. सगळ्यांत तू चवड्यांवर उभी आहेस.

फोटोवाला म्हणेल तेव्हा मी गुडघा सरळ करते. तू टाचा टेकव.