कुर्ल्या शिजवू नकोस

सारिका,

कुर्ल्या शिजवू नकोस. न्हाणीतल्या पांढऱ्या बाटलीला हात लावू नकोस, भाजेल. माझी जुनी चप्पल कुठेच सापडत नाही. बाबा जेवायच्या वेळेलाच पोचतील.

आता नीट सांगतो. आपला पोवळ्या मेला तेव्हा बाबा मुंबईला होते. त्यांना वाटतं, बैल अख्खा पुरला. पुरण्याआधी मी त्याचं डोकं काढून घेतलं होतं. पर्यटकांच्या नव्या खोलीत भिंतीवर शिंगांसकट लावायचं होतं. मांस निघावं म्हणून ते जाळ्यात घालून खाडीत, आपल्या पायरीखाली बांधलं. कुर्ल्या नांग्यांनी हाड लख्ख कोरून देतात. बाटली आणली ती नंतर ते पांढरं करायला.

शेजारच्या भाईने पिंजरा लावला तोही नेमका तिथेच. सकाळी पिशवी देताना तुला म्हणाला ना, "वयनी, तुमच्या पायरेखाली कुर्ल्यो कसल्यो भरल्यात गो! खातत तरी काय?" तू हसलीस.

बाबा आल्या आल्या टोपात डोकावतील. त्यांना बांगडा दे, कुर्ल्या मिळाल्या नाहीत म्हण. पिशवीतल्या दूर नेऊन सोड. कळलं तर या घरात ते पुन्हा पानावर बसणार नाहीत.

ओहोटी लागलीय, डोकं काढायला जातो. उंडीच्या झाडाखाली बाकीच्या अंगाशेजारीच पुरेन. रागाव, पण बाबांचं जेवण झाल्यावर.

विनीत

बाबा रोज आपल्या पानातला पहिला घास पोवळ्याला द्यायचे.