दादानं मागितलेल्या बाळंतशोपा

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ. पवनार.

दादानं आईला डिसेंबरात कॅनडाला बोलावलंय, ते मला पटत नाही. गर्दी नसते, तिकीट स्वस्त, गोठलेल्या तळ्यावर चालू, बर्फात गरम पाण्याच्या कुंडात बसू, म्हणे. आईचे गुडघे विसरला? आणि शेवटी हळूच म्हणाला, "डिंक आणजो. थोड्या बाळंतशोपाही."

डिंक थंडीत कोणीही खातं. पण बाळंतशोपा? वहिनीही हल्ली फोनवर गळ्यापर्यंतच दिसते. म्हणजे फिरायला नाही, बाळंतपण करायला नेतोय. मग सरळ का नाही सांगत? आईला फुकटची कामाची बाई समजतो का? असं मनात आलं याचीही लाज वाटते.

न राहवून आईला बोललेच. ती जुनं मऊ पातळ फाडत बसली होती, बाळाच्या दुपट्यांसाठी!

"दोन खेपा आनंदानं सांगतलं त्यानं, दोन्ही खेपा गर्भ टिकला नाई. आता तोंडानं सांगाले भिते. शोपा मागितल्या न? सांगतलंच मले. तू काही बोलू नको."

मघाशी दादाचा फोन आला. बाळंतशोपा अगदी ओठांवर होत्या. मी विचारलं, "तळ्यावर आई घसरणार नाही ना?" तो कितीतरी वेळ तळ्याबद्दलच सांगत राहिला. मी सगळं ऐकून घेतलं.