चुलीचे दगड

रविवार, १२ जानेवारी. संध्याकाळ.

पाय दुखताहेत, पण त्याचं काही नाही, पळणाऱ्यांना सवय असते. सकाळी आमच्या रनिंग ग्रुपने मुळशी धरणाच्या काठावरचं जुनं देऊळ साफ केलं. ओवरीच्या कोपऱ्यात काळ्या दगडांचा ढीग होता. मीच म्हणाले, "हा कचरा आधी काढा." रांग करून हातोहात सगळे धरणात टाकले. हातमोज्यांना काजळी लागली, तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग देवळात दिवा लावणाऱ्या सखूमावशी आल्या. "हितले दगड कुटं हायेत?"

"पाण्यात टाकले, मावशी."

त्या पायरीवर बसल्या. "धरनात आमचं गाव बुडालं, तवा आमच्या आज्यांनी घरटी चुलीचा एकेक दगड वर आनला व्हता. तुमी परत तितंच धाडला."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. उलट "दमला असाल" म्हणत घरी नेऊन चहा पाजला. प्यायले मी. दुसरं काय करणार होते?

ग्रुपवर स्वच्छ कोपऱ्याचा फोटो फिरतोय, खाली नुसते अंगठे. हातमोजे धुवायला काढले होते, काजळीसकट तसेच परत ठेवले. त्या गावाच्या चुलींचं आता पाण्याबाहेर एवढंच उरलंय.