फेब्रुवारी १७२३

२ मार्च १९७४, शनिवार

थियाने बायबल आणलं! घरचं, अडीचशे वर्षांचं, टोपलीत कोबीखाली लपवून. चर्चच्या मागच्या खोलीत जेमतेम पाऊण तास मिळाला. पहिल्या कोऱ्या पानांवर ऑल्स्टन घराण्याचे जन्म-मृत्यू लिहिलेत. "सगळं वाच, घाई करू नकोस," म्हणाली. मी एकच ओळ उतरवली — विल्यम ऑल्स्टन, मृत्यू ३ नोव्हेंबर १७२३. पुढचं काय डोंबल वाचणार? ती खांद्यावरून वाकून बघत होती, केस माझ्या वहीवर!

तिच्या बापाला कळलं तर तिची धडगत नाही. त्याला लाँगमिअरच्या कुरणाला कुंपण घालून नांगर फिरवायचाय. म्हणतो, पूर्वजांपासून आमचंच. २५ला सुनावणी. आयुक्त येऊन ठरवणार, गावाची गुरं तिथे चरायची की नाही. आमच्या दोन गाई आहेत, निम्म्या गावाच्या आहेत. थिया गावाच्या बाजूने. माझ्याही असावी.

५ मार्च

चर्चच्या नोंदवहीतही तेच. विल्यम, दफन ५ नोव्हेंबर १७२३.

७ मार्च

सापडलं!! इप्सविचच्या दफ्तरखान्यात जहागिरीच्या कचेरीचं बाड. '१४ फेब्रुवारी १७२३. विल्यम ऑल्स्टन मयत, सबब त्याचा मुलगा जॉन यास लाँगमिअरचे कुरण.' फेब्रुवारीत मयत? विल्यम तर नोव्हेंबरात मेला! म्हणजे जित्याजागत्या बापाला मेला म्हणून दाखवलं आणि पोराने कुरण लाटलं. ऑल्स्टनांचा हक्क मुळातच खोटा. दफ्तर सांभाळणाऱ्या मिस टटिल म्हणाल्या, आधीचं पानही बघून घ्या. मला पावणेपाचची बस गाठायची होती.

८ मार्च

थियाला आधी सांगायला हवं. पण आज संध्याकाळीच गावाची सभा. नुसता ऐकायला जातोय. तोंड उघडणार नाही.

९ मार्च

उघडलं.

थियाचा बाप ऑल्स्टन म्हणाला, "आता पास्कचा पोरगा आम्हाला इतिहास शिकवणार? याला तर कॉलेजनेच हाकललंय." लोक हसले. हाकललं नव्हतं, मी सोडलं — दुसऱ्याच सत्रात, थियापासून दोनशे मैलांवर जीव रमेना म्हणून. ते तिथे कसं सांगणार? डोकं फिरलं. उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. चोराचं घराणं म्हणालो. पुरावा काय, असं कुणीतरी विचारलं. "यांच्याच घरचं बायबल."

बोलून गेलो आणि थियाकडे बघितलं. ती उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि गेली.

नंतर पबमध्ये सगळ्यांनी पाठ थोपटून लाल केली. बाबा पहिल्यांदाच म्हणाले, "माझा मुलगा."

११ मार्च

ऑल्स्टनच्या फाटकावर कुणीतरी चुन्याने 'चोर' लिहिलंय. थिया घासत होती. मी ब्रश मागितला.

"हात लावू नकोस, राल्फ."

एवढंच. अक्षरं अजून दिसतातच.

१९ मार्च

नोंदीची अधिकृत नक्कल आणायला इप्सविचला. मिस टटिलनी न विचारता आधीचं पान समोर ठेवलं. डिसेंबर १७२३. पान उलटलं — फेब्रुवारी १७२३. त्याच्या पुढे एप्रिल १७२४.

डिसेंबरनंतर फेब्रुवारी, आणि साल तेच. कारकून चुकला असेल, मी म्हणालो.

"कारकून नाही चुकला," त्या हळूच म्हणाल्या. "तेव्हा नवं वर्ष पंचवीस मार्चला लागायचं. त्यांचा फेब्रुवारी १७२३ म्हणजे आपला १७२४. बाप नोव्हेंबरात गेला, मुलाला तीन महिन्यांनी कुरण मिळालं. हे पहिल्याच वर्षी शिकवतात."

पहिल्याच वर्षी.



२० मार्च

मिस टटिल आपण होऊन कुणाला सांगणार नाहीत. थोडक्यात, एकट्या मला माहीत आहे.

२२ मार्च

बाबांनी माझे बूट पॉलिश करून ठेवलेत, सोमवारसाठी. विचारलं, नीट बोलशील ना? हो म्हणालो. हो कसा म्हणालो? गप्प राहिलो तर गाई वाचतील. फाटकावर मात्र 'चोर' राहील, आणि ती रोज त्यातून ये-जा करेल.

२४ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर सगळे दारात थांबले होते. मी पायरीवर उभा राहून सांगितलं. चूक माझी. कुणी चोरी केलेली नाही. साल मला वाचता आलं नाही.

बाबा मला न घेता घरी निघाले. ऑल्स्टनने टोपी चढवली. "उशिरा का होईना," म्हणाला. थियाचा चेहरा दिसला नाही.

उद्या कुरण जाणार. आणि ते घालवलं मी. गावाने दोन आठवडे माझ्या भरवशावर दुसरा पुरावा शोधलाच नाही.

२५ मार्च

जुन्या हिशेबाने आज नवं वर्ष. सुनावणी झाली. आयुक्तांनी आणखी कुणाला काही सांगायचंय का विचारलं, तेव्हा थिया उठली. हातात बायबल. ते मागून उघडलं. मागच्या पुठ्ठ्याच्या आत जॉन ऑल्स्टनच्या हातची ओळ आहे. मी ते पुस्तक पाऊण तास मांडीवर घेऊन बसलो होतो! बापाच्या देखत तिने ती वाचली: "आज कुरण माझ्या नावे झाले. बापाच्या वेळेप्रमाणे गावाची गुरे येथे चरतील, मी व माझे वंशज अडवणार नाही." मग तारीख. "चौदा फेब्रुवारी सतराशे तेवीस," ती म्हणाली, आणि थांबली. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "म्हणजे आपलं सतराशे चोवीस."